काठावरचा हिवाळा

यंदा थंडीला उशीर झाला. दिवाळीचे आकाशकंदील उतरले, तुळशीची लग्नं लागली, तरी अमरावतीत दुपारी पंखा लावावा लागत होता. मग एका सकाळी दूधवाल्याच्या कानांवर मफलर आला, नळाचं पाणी बोटांना चावलं आणि समोरच्या घरातल्या आजोबांनी आपली खुर्ची उन्हात सरकवली. आमच्याकडे ही आनंदाची बातमी असते. वांग्याचं भरीत, तुरीच्या ओल्या शेंगा, हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग, कोणाच्या तरी शेतात हुरडा. माणसं हिवाळ्याची वाट पाहतात.

मीही पाहते, पण भीत भीत. स्वेटर काढायला कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासाआड मला ओल्या काठाचा वास येतो. शेवाळ, भिजलेला दोर, सुरूच्या झाडांखाली कुजत पडलेल्या काड्या. काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा मी एका धरणाच्या काठावर बसून काढला. तो संपला, त्याच्यानंतर चांगले हिवाळेही आले, पण थंडी पडली की आधी तोच येतो.

मी मुळातच भित्री. लहानपणी आम्ही अकोल्याला राहायचो. वडील बाजारातून जरा उशिरा आले तरी मी फाटकाशी जाऊन उभी राहायची. आई म्हणायची, ‘हे पोट्टी रिकाम्या गंज-पातेल्यातही बुडायची भीती काढते.’ पुढे गणित शिकले, गणित शिकवायला लागले, पण त्यानं फरक पडला नाही. वर्गाची सहल गेली तर बस परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

माझा नवरा गजानन याच्या अगदी उलट. आम्ही अकोल्याला कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून मी त्याला अजून नावानंच हाक मारते. तो शाळेत क्रीडाशिक्षक आहे, खो-खो शिकवतो. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या बुटाची नाडी बांधायची त्याची सवय होती. स्टुलावर न चढता माळ्यावरचे डबे काढायचा, तेही बोलता बोलता, वर न पाहता. मी ‘जपून’ म्हटलं की तो म्हणायचा, ‘काही नाई होत, वैशू.’ आमच्या संसारात हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं की मला ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं ऐकू येईनासं झालं होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्याला ताप आला. ताप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगावरून उठला तो सरळ भिंतीवर जाऊन आदळला. खोली फिरते आहे, म्हणाला. मग उलट्या सुरू झाल्या. डोळे उघडले की घर गरगरायचं, मिटले की तो स्वतः. दवाखान्यात काही दिवस गेले. गरगरणं कमी झालं, पण डावा कान बंद झाला तो कायमचा, आणि कानाबरोबर त्याचा तोलही गेला.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी कागदावर शंखासारखं चित्र काढून दाखवलं. म्हणाले, ‘तोल सांभाळायचं काम आतल्या कानाचं. यांची डावी बाजू गेली आहे. मेंदू उजव्या बाजूवर भागवायला शिकेल, पण हळूहळू. चालत राहा, घरात बसू नका.’ आम्ही उठलो तेव्हा त्यांना आणखी काही आठवलं. ‘आणि पोहायचं मात्र नाही. पाण्याखाली गेलात तर वर कुठं आणि खाली कुठं, हे तुम्हाला कळणार नाही.’

गजाननने मान हलवली. तेव्हा पोहण्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. पण ते वाक्य मी दवाखान्यातून घरी घेऊन आले, आणि औषधांच्या पिशव्या फेकून दिल्यानंतरही ते घरात राहिलं.

दिवाळी त्यानं भिंतीला हात लावत काढली. बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला तळव्यांचा मळकट पट्टा उमटला. चालताना पाय फाकवून, दारू प्यायल्यासारखा चालायचा. लोकांनी तसं बोलूनही दाखवलं. शाळेनं त्याला मैदानावरून काढून ग्रंथालयात बसवलं. एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की तो अंगणाकडे बघायचा, नंतर जिन्याकडे, नंतर कुठेच नाही. हाक मारून मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहू लागले. तो हसायचा. बोलायचा मात्र कमी.

कयाक आमच्याकडे आली ती अशा वेळी. गजाननचा एक जुना विद्यार्थी परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी, एका धरणावर मुलांची साहस-शिबिरं घ्यायचा. शिबिरं बंद पडली. सरांची तब्येत विचारायला तो आला आणि म्हणाला, ‘सर, एका दिवसासाठी चला, मोकळ्या हवेत बरं वाटेल.’ आम्ही गेलो. तिथे काठावर नारिंगी रंगाची, लांबट, प्लास्टिकची ती होडी उपडी पडली होती. एकच माणूस बसेल एवढी, दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं. विद्यार्थ्यानं ती गुडघाभर पाण्यात धरून ठेवली आणि गजानन, मी काही म्हणायच्या आत, तिच्यात बसला.

होडी डुलली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो सरळ बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. ती आठी आजारपणापासून झोपेतही जात नसे.

‘इथं सगळंच हलते,’ तो म्हणाला. ‘मग माह्या डोक्यातलं हलणं वेगळं नाई वाटत.’

विद्यार्थ्याला ती होडी नकोच होती. ती आमच्या गाडीच्या टपावर बांधून अमरावतीला आली. गल्लीतल्या लोकांनी वाकून वाकून पाहिली. शेजारचे काका म्हणाले, ‘सर, आंघोळीचा टब मोठा आणला का?’ गजानन खूप दिवसांनी मनापासून हसला, आणि त्या हसण्यामुळेच मला नाही म्हणता आलं नाही.

मग दर रविवारी होडी टपावर बांधून आम्ही त्या धरणाकडे निघायचो. गाडी मी चालवायची, कारण त्याला चालवता येत नव्हती. अंधार विरळ होऊ लागला की आम्ही शहराबाहेर पडलेलो असायचो. कापसाचे ट्रक जिनिंगकडे जायचे, त्यांच्यातून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेले. तुरीच्या शेतांवर धुराचा पातळ थर. परतवाड्याला टपरीवर एक चहा आणि थर्मासात दुसरा. तिथून पुढे रस्ता अरुंद व्हायचा, डोंगर जवळ यायचे, आणि एका वळणावर सुरूची झाडं दिसायची. समुद्रकाठची ही झाडं आमच्या वऱ्हाडात कोणी आणली देवच जाणे. धरण बांधलं तेव्हा कोणा साहेबाच्या मनात आलं असेल. काठाला धरून ती ओळीनं उभी होती, सरळ, काळसर हिरवी, वारा नसतानाही बारीक सूं करणारी. त्यांच्या पलीकडे पाणी, इतकं स्थिर की वर तरंगलेलं पानसुद्धा जागचं हलायचं नाही.

पाण्याचा मक्ता भोयांच्या सोसायटीकडे होता. तिच्यातले एक, नामदेवभाऊ, हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर बसून जाळी टाकायचे. गळ टाकला तर चालेल का, असं त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘गळानं किती मारसान सर? मारा.’ थंडीत मासा खाली बसतो, तोंड उघडायचाही कंटाळा करतो, हे गजानन तिथेच शिकला. तो कणकेत हळद कालवून गळाला लावायचा, काठापासून बराच आत जायचा आणि वल्हं आडवं ठेवून बसून राहायचा. बहुतेक वेळा रिकाम्या हातानं यायचा. कधी एखादी तिलापिया, कधी हातभर रोहू. मासा मिळाला की तो मला दाखवायला उंच धरायचा, आणि मला त्या माशापेक्षा त्याचा वर गेलेला हात दिसायचा. हात वर गेला म्हणजे एका बाजूला झुकला. झुकला म्हणजे.

त्याच्या अंगात तरंगतं जाकीट असायचं. गळ्यात शाळेची शिट्टी असायची, ती माझी अट होती. काही झालं तर वाजव. तरी मी काठावर सतरंजी टाकून जी बसायची ती नजर न हलवता. वह्या तपासायला आणायची, एकही तपासून व्हायची नाही. सूर्य वर आला की पाणी चमकायला लागायचं आणि त्या चमकेत ती नारिंगी रेघ हरवायची. मी कपाळावर हात धरून शोधायची. सापडली की मी श्वास सोडायची, तोवर ती पुन्हा हरवायची. सुंदर होतं सगळं. पलीकडच्या उथळ भागात बुडालेल्या झाडांची वाळकी खोडं पाण्याबाहेर आलेली होती, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसायचे. मला ते सौंदर्य कळत होतं, ते उपभोगायला मी मोकळी नव्हते.

नामदेवभाऊंची बायको, कमलाबाई, काठावरच झोपडीत राहायची. पहिले दोन-तीन रविवार तिनं मला लांबून पाहिलं. मग एकदा भाकरी थापायची सोडून जवळ येऊन बसली, पाण्याकडे पाठ करून.

‘बाई, तुमी काहून अशा टक लावून बसता?’

‘भेव वाटते,’ मी म्हणाले.

‘मलेही वाटे. लग्न झालं तवा मी अशीच बसो. डोये दुखत. मग मी पाठ करून बसाले लागली.’

‘त्यानं भेव जाते?’

‘जात नाई. पण भाकरी होते.’

मी तिच्यासारखी पाठ करून बसून पाहिली. मला ते जमलं नाही. पाठीला डोळे फुटल्यासारखं व्हायचं.

आठवडाभर घरात गजानन सुधारत होता, हे खरं. भिंतीवरचा हात सुटू लागला. फरशीच्या रेघेवरून तो चालायचा सराव करायचा, न डगमगता दार गाठलं की माझ्याकडे वळून पाहायचा. सोमवारी सर्वांत चांगलं चालायचा. शुक्रवार-शनिवारपर्यंत पुन्हा पाय फाकायचे. रविवार त्याच्या औषधासारखा झाला होता आणि मी ते औषध दर आठवड्याला माझ्या हातानं, जीव मुठीत धरून, पाजत होते. डॉक्टरांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. एकदा मी म्हणाले, ‘विचारू तरी.’ तो म्हणाला, ‘ते नाईच म्हणतीन.’

संक्रांतीनंतरचा रविवार होता. निघालो तेव्हा आकाश स्वच्छ होतं, चांदण्या दिसत होत्या. गजानन पाण्यात उतरला तेव्हाही समोरचा डोंगर दिसत होता. मी थर्मासाचं झाकण उघडलं, चहा ओतला, वर पाहिलं तर डोंगर नव्हता. पाण्यावरून वाफेसारखं काही उठत होतं आणि ते पसरत, जाड होत माझ्याकडे येत होतं. आमच्याकडे याला धुवारी म्हणतात. तुरीचा फुलोरा गळून पडतो म्हणून शेतकरी तिला शिव्या देतात. थोड्याच वेळात सुरूची झाडं गेली, गाडी गेली, माझ्या पायांपुढे हातभर पाणी तेवढं उरलं.

मी हाक मारली. ‘गजानन.’

‘हाव,’ तो म्हणाला. आवाज लांब होता, डावीकडे.

‘परत ये.’

थोडा वेळ काही नाही. मग वल्ह्याचा आवाज, आणि त्याचं बोलणं, आधीपेक्षाही लांबून. ‘वैशू, तू कुठी आहेस?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो कुठे आहे ते मला ऐकू येत होतं. मी कुठे आहे ते त्याला कळणार नव्हतं. मी कितीही ओरडले तरी माझी हाक त्याला चहूबाजूंनी सारखीच येणार होती.

‘थांब तिथंच,’ मी म्हणाले. ‘हलू नको. धुवारी विरली की ये.’

तो थांबला. आम्ही दोघं थांबलो. मी अधूनमधून काही बोलायची, तो ‘हाव’ म्हणायचा. पण एरवी स्थिर दिसणारं पाणी आतून सरकत होतं. दर ‘हाव’ जरा पुढे सरकलेला यायचा, उजवीकडे, बुडालेल्या झाडांच्या बाजूला. कमलाबाई झोपडीतून बाहेर आली. नामदेवभाऊ मासे घेऊन परतवाड्याच्या बाजाराला गेले होते, ट्यूब त्यांच्याशिवाय कोणाला चालवता येत नव्हती. ती माझ्या शेजारी उभी राहिली, आणि आज तिचं तोंड पाण्याकडे होतं.

‘तिकडं खोडं हायेत,’ ती हळूच म्हणाली.

मी ते ओरडून सांगणार, तेवढ्यात लाकडावर प्लास्टिक घासल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पाण्याचा. मोठा नव्हता. बादली उपडी केल्यासारखा.

‘गजानन,’ मी म्हणाले.

‘हाव’ आला नाही.

त्या शांततेबद्दल मला नीट लिहिता येत नाही. डॉक्टरांचं वाक्य तिच्यात होतं. वर कुठं आणि खाली कुठं. मी पाण्यात शिरले होते हे मला कमलाबाईनं हात ओढला तेव्हा कळलं. मला पोहता येत नाही. तिनं होडी बांधायचा दोर आणला, माझ्या कमरेला गाठ मारली, दुसरं टोक सुरूच्या बुंध्याला गुंडाळून हातात धरलं. ‘जा आता,’ म्हणाली. ‘आवाज देत राहा. थांबू नका.’ मी छातीइतक्या पाण्यात गेले. पाणी इतकं गार होतं की आवाज तोंडातून तुकड्यातुकड्यांनी निघत होता. मी त्याचं नाव घेत राहिले, कोणाला ऐकू जाईल न जाईल.

आणि शिट्टी वाजली. अशक्त, ओली, फुसकी. पुन्हा वाजली.

‘होडी धरली आहे का?’

शिट्टी.

‘पाय मार. कोणत्याही बाजूला.’

पाण्याचा खळखळाट. शिट्टी पुन्हा आली तेव्हा ती लांब गेली होती.

‘दूर जाऊन राहिला. वळ.’

खळखळाट, शिट्टी. तेवढीच लांब.

‘अजून वळ.’

शिट्टी. किंचित मोठी.

‘जवळ. तसाच ये. जवळ.’

लहान मुलं लपवलेली वस्तू शोधताना खेळतात तो हा खेळ. मी त्याला बाजू सांगू शकत नव्हते, कारण त्याचं तोंड कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. जवळ आणि दूर, एवढे दोनच शब्द आमच्याकडे होते. तो चुकायचा, मी दूर म्हणायची, तो वळायचा. मधे एकदा शिट्टी बराच वेळ आली नाही, आणि माझ्या पायांखालची माती सरकली. कमलाबाईनं दोर ताणला. मग शिट्टी आली, अगदी समोर, आणि धुवारीतून आधी होडीचं नारिंगी टोक निघालं, मग तिला बिलगलेले दोन पांढरे पडलेले हात.

काठावर कमलाबाईनं चुलीतला जाळ बाहेर आणला. घोंगडीत गुंडाळून त्याला बसवलं, गुळाचा चहा पाजला. त्याचे दात वाजत होते. कोणी कोणाला रागावलं नाही. ऊन आलं, धुवारी जशी आली तशी गेली, आणि समोर पाणी पुन्हा आरशासारखं पडलं होतं, काही झालंच नाही असं.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते आणि तो माझ्या डाव्या हाताला बसला होता, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे होता. संत्र्याच्या बागा मागे गेल्यावर तो बोलायला लागला.

‘पाण्याखाली वर-खाली नव्हतंच, वैशू. सगळीकडं सारखंच. मले वाटलं इकडं वर आहे. हात मारला असता तं खाली गेलो असतो.’

‘मग काय केलं?’

‘काहीच नाई. अंग सोडून देलं. जाकिटानं नेलं जिकडं न्यायचं तिकडं.’ तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, ‘लय भेव वाटलं.’

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तापात नाही, दवाखान्यात नाही, भिंत धरून चालताना नाही. भिण्याचं काम आमच्या घरात माझ्याकडे होतं, त्याचं काम ‘काही नाई होत’ म्हणायचं. मी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला हरभऱ्याचं शेत होतं. आम्ही बराच वेळ तिथे बसलो. तो रडला. मी रडले नाही, याचं मला नवल वाटलं.

होडी अंगणात उपडी ठेवली. पुढचे रविवार आम्ही घरी काढले. मी झोपू शकत होते, वह्या तपासून होत होत्या, आणि गजानन दिवसेंदिवस मिटत चालला होता. भिंतीवरचा हात परत आला. मी काही विचारलं नाही, त्यानं काही मागितलं नाही. एका संध्याकाळी तो शाळेतून आला तेव्हा पँटचे दोन्ही गुडघे मातीनं भरले होते. ग्रंथालय सोडून तो मैदानावर गेला होता. खो-खोचा सराव चालला होता, पाठलाग करणारी मुलगी त्याच्या शेजारून पळाली, तिच्याकडे पाहायला त्यानं मान वळवली आणि तो पडला. मुली हसल्या नाहीत. सगळ्या धावत त्याला उठवायला आल्या. तो म्हणाला, ‘हसल्या असत्या तं बरं झालं असतं.’

पँट भिजत घालताना काळी माती बादलीत विरघळत होती आणि मी स्वतःशी हिशेब मांडत होते. इकडे भीती, तिकडे हे. गणित सुटत नव्हतं. शेवटी मी पदराला हात पुसत बाहेर आले.

‘रविवारी जाऊ,’ मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. ‘तुले भेव वाटते न?’

‘वाटते.’

‘मग?’

‘मग काय. वाटू दे.’

त्याआधी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. ते नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘धुकं असेल तेव्हा नाही. एकट्यानं कधीच नाही. आणि छातीपेक्षा खोल पाण्यात नाही.’ आम्ही तिन्ही गोष्टी पाळल्या. नामदेवभाऊंची ट्यूब आता त्याच्या आसपास असायची. तो काठाकाठानं फिरायचा, बुडालेल्या झाडांकडे जायचा नाही, दर थोड्या वेळानं शिट्टी फुंकायचा. आणि पूर्वीपेक्षा एक बदल झाला होता. परत आला की तो सांगायचा, ‘आज त्या वळणावर जरा भेव वाटलं.’ मी म्हणायची, ‘मलेही तिथंच.’ त्यामुळे माझी भीती कमी झाली असं नाही. पण एकटीनं तिला सांभाळत बसावं लागत नव्हतं.

माघ उतरला, थंडी ओसरली, डोंगरावर पळस पेटले. गजाननचा मेंदू शिकला, डॉक्टर म्हणाले होते तसा. उन्हाळ्यात तो सरळ चालू लागला, पुढच्या वर्षी मैदानावर परतला. गाडीही चालवतो आता, दिवसा. दिवे गेले की मात्र अजून भिंत धरतो. डावा कान गेला तो गेलाच. रस्त्यानं चालताना मी आपोआप त्याच्या उजव्या बाजूला जाते, आणि दुसऱ्या कोणाबरोबर चालतानाही तेच करते.

होडी आहे. दर हिवाळ्यात आम्ही जातो. तोल सावरायला आता त्याला पाण्याची गरज नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. आता ते नुसतं मासे मारणं आहे.

यंदाच्या पहिल्या रविवारी मला ताप होता. त्यानं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, ‘तू झोप. नामदेवभाऊ आहेत तिथं. मी जाऊन येतो.’ मी हो म्हणाले. उजाडल्यावर गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेला. मी पांघरूण डोक्यावर घेतलं, मग काढलं, उठून खिडकीतून आकाश पाहिलं. स्वच्छ होतं. पुन्हा झोपले, पुन्हा उठले. धरणावर फोन लागत नाही हे माहीत असून फोन उशाशी ठेवला. ऊन खाटेच्या पायावर आलं, मग पांघरुणावर.

दुपारच्या आत गाडी फाटकाशी थांबली. एरवी तो इतक्या लवकर येत नाही. मी दारात गेले. कपडे कोरडे होते. हात रिकामे होते.

‘मासा नाई?’

‘टाकलाच नाई गळ,’ बूट काढत तो म्हणाला. ‘थोडा वेळ बसलो आन् आलो.’

‘काहून? तब्येत?’

‘तब्येत बरी आहे. करमलं नाई.’ तो दाराला टेकला आणि माझ्याकडे पाहून कसनुसा हसला. ‘काठावर कोणी घाबरून राहिलंच नव्हतं.’